जांघेतली खाज आणि खिशातली ट्यूब

नमस्कार मॅडम,

माझं वय 31. चाकणला एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. गेल्या पावसाळ्यात जांघेत खाज सुरू झाली. दिवसभर जाड पँट आणि सेफ्टी शूज, घरी जाताना बाइकवर भिजणं. मेडिकलमधून एक ट्यूब आणली. तीन दिवसांत एकदम बरं वाटलं. लावायची बंद केली की आठवड्यात परत, आणि आधीपेक्षा जास्त. असं करत दहा महिने गेले. आता चट्टा मागे ढुंगणापर्यंत आणि वर कमरेला, करदोड्याखाली गेला आहे. मांडीच्या आतल्या बाजूला जांभळट रेघा दिसतात. लाइनवर उभं असताना खाजवता येत नाही, टॉयलेटला जाऊन खाजवून येतो. दोन महिन्यांपासून बायकोलाही कमरेला तेच झालंय. परवा मुलाच्या (वय 2) ढुंगणावर गोल चट्टा दिसला. बायको काही बोलत नाही, पण तिच्या मनात काय आहे ते मला कळतं. हा गुप्तरोग आहे का? आई म्हणते रक्त खराब झालंय, वांगं, अंडी, सुकट बंद कर. ते सगळं बंद केलं. करदोडा काढू का विचारलं तर म्हणाली, अजिबात नाही. कृपया नाव छापू नका.

– एक वाचक, मोशी

नमस्कार,

गुप्तरोगाचं आधी मिटवू. न तपासता छातीठोक सांगू नये हे खरं, पण तुम्ही वर्णन इतकं नेमकं केलंय की फारशी शंका उरत नाही. हे गजकर्ण आहे. कुणी नायटा म्हणतं, कुणी दाद. नावं तीन, रोग एकच, आणि तो बुरशीचा. भिंतींवरच्या आणि सार्वजनिक मुताऱ्यांतल्या जाहिरातींनी कमरेखालच्या प्रत्येक तक्रारीला 'गुप्तरोग' म्हणायची सवय लावून ठेवली आहे, त्यात तुमचा दोष नाही. ही बुरशी त्वचेच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरावर जगते. ती अंगाला अंग लागून पसरते, तशीच टॉवेलमधून, चादरीतून आणि एकाच बादलीत भिजवलेल्या कपड्यांतूनही पसरते. तुमच्या बायकोला ती झाली कारण तुम्ही एका अंथरुणात झोपता. मुलाला झाली कारण तुम्ही त्याला कडेवर घेता, मांडीवर बसवता, एकाच टॉवेलने पुसता. दोन वर्षांच्या पोरालाही तेच झालंय, यातच तुमच्या पत्नीच्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे. तिला हा मजकूर वाचायला द्या. तोंडाने सांगण्यापेक्षा सोपं जाईल.

आता त्या ट्यूबबद्दल. तुम्ही तिचं नाव लिहिलेलं नाही आणि मला ते नकोही आहे, कारण अशा ट्यूबा पन्नास नावांनी मिळतात. डबीवर बारीक अक्षरांत काय छापलंय ते वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादा शब्द सापडेल. ही स्टेरॉइडं. त्यांच्या शेजारी बुरशीचं एक औषध असेल, जंतूंचं एखादं असेल. सगळं एकाच ट्यूबमध्ये, भेळेसारखं. मेडिकलवाल्याला सोयीचं, कारण समोरच्याला खरूज आहे, इसब आहे की गजकर्ण, हे त्याला ओळखावंच लागत नाही.

तीन दिवसांत बरं वाटतं ते या स्टेरॉइडमुळे. बुरशी शिरली की शरीर तिच्याशी भांडतं. लाली, सूज, खाज ही त्या भांडणाची लक्षणं. स्टेरॉइड ते भांडणच बंद पाडतं. राखणदाराला झोपेचं औषध पाजलं, घर शांत झालं, आणि चोराला रात्रभर रान मोकळं. ट्यूब थांबवली की राखणदार जागा होतो, तोवर चोराने आणखी दोन खोल्या घेतलेल्या असतात. 'परत, आणि आधीपेक्षा जास्त' असं तुम्ही लिहिलंय, त्याचा अर्थ हाच.

मांडीवरच्या रेघा त्याच ट्यूबच्या. स्टेरॉइडने त्वचा आतून पातळ होते आणि ताणली की उसवते. गरोदर बाईच्या पोटावर येतात तशाच या रेघा. त्यांच्याबद्दल खोटा दिलासा देणार नाही. जांभळा रंग जाऊन त्या पांढरट होतील, फिक्या पडतील, पण पुसल्या जाणार नाहीत. माझ्याकडे विशीतली मुलं येतात, जांघेत बोटभर रुंद रेघा घेऊन. गजकर्ण बरं होतं, रेघा राहतात. त्यांना हे सांगताना मला आजही वाईट वाटतं, आणि रागही येतो. 2018 साली केंद्र सरकारने नियम बदलून अशी स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असं केलं. तरी तुम्हाला ती दहा महिने मिळत राहिली. यापुढे मी काय लिहू?

दुसरीही एक गोष्ट घडली आहे, जिच्यात तुमचा काही हात नाही. मी शिकत होते तेव्हा जांघेतलं गजकर्ण म्हणजे दोन-तीन आठवड्यांचं काम होतं. मलम द्यायचं, फार तर थोड्या गोळ्या, रुग्ण परत तोंड दाखवायचा नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडे बुरशीची जातच बदलली. नव्या जातीला 2020 मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव मिळालं. नावातल्या 'इंडो'वर आपल्यातल्या काही डॉक्टरांनी नाकं मुरडली, पण बुरशीला त्याचं काय. ती आता अमेरिका-युरोपातही पोचली आहे. हिच्यातल्या बऱ्याच वाणांना टर्बिनाफिन हे जुनं भरवशाचं औषध नीट लागूच पडत नाही. त्यामुळे मित्राने दिलेली गोळी आठ दिवस घेतली आणि काही झालं नाही, असं सांगणारा रुग्ण खोटं बोलत नसतो.

म्हणून आता त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, तिघंही, एकाच दिवशी. जाण्याआधी काही दिवस चट्ट्यावर काही लावू नका, म्हणजे तपासणी नीट होते. तपासणी साधी आहे आणि फारशी दुखत नाही. चट्ट्याची कड असते ना, उंचावलेली, खवल्यांची, जिथे खाज सगळ्यात जास्त, तिथला कोंडा बोथट पात्याने काचपट्टीवर खरवडून घेतात. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. थोडा वेळ थांबलं की त्वचेच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात, काचेसारखे, मधे मधे पेरं असलेल्या बांबूसारखे, फांद्या फुटलेले. मी हे बऱ्याच रुग्णांना भिंगातून बघायला लावते. एकदा ते धागे बघितले की 'रक्त खराब' हा विषय संपतो.

इथे थोडं थांबून बाकीच्या वाचकांसाठी लिहिते, कारण हे पत्र छापलं की दहा जण 'मलाही सेम' म्हणून कळवणार. जांघेतली प्रत्येक खाज गजकर्णाची नसते. गजकर्णाची कड ठळक, मधला भाग त्यामानाने साफ, आणि वृषणाची पिशवी बहुधा वाचलेली. (स्टेरॉइड फासलेलं असेल तर हे सगळे नियम मोडतात, चकतीत चकती दिसते, कड पुसट होते, लिंगावरही चट्टे येतात.) चट्टा ओला, लालभडक, बाहेर मोहरीएवढ्या पुटकुळ्या विखुरलेल्या आणि शिश्नाच्या टोकाशी पांढरा थर, तर ती कँडिडा नावाची वेगळी बुरशी. अशा वेळी मी मलमाच्या आधी रक्तातली साखर तपासायला सांगते. मधुमेह आहे हे जांघेतून कळलं, अशी माणसं मी खूप पाहिली आहेत. चट्टा तपकिरी, सपाट, खाज जेमतेम, वर्षानुवर्षं तसाच, तर तो बहुधा एरिथ्राज्मा, जिवाणूंचा. अंधाऱ्या खोलीत त्यावर वुड्स लॅम्पचा निळसर प्रकाश टाकला की तो पोवळ्यासारखा लाल चमकतो. नवशिक्या डॉक्टरांना हे दाखवलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. त्याला बुरशीचं नव्हे, जिवाणूंचं औषध लागतं.

खाज रात्री अंथरुणात वाढते, बोटांच्या बेचक्यांत आणि बेंबीभोवतीही आहे, लिंगावर किंवा वृषणावर हरभऱ्याएवढ्या गाठी आहेत, घरातले सगळे खाजवतायत, तर ती खरूज. तिचा उपचार वेगळा, मानेपासून पायापर्यंत लावायचं मलम, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. आणि नुसत्या वृषणाच्या पिशवीची त्वचा खाजवून खाजवून चामड्यासारखी जाड झाली असेल, तर तिथे बुरशी बहुतेक नसतेच. खाज, खाजवणं, त्याने आणखी खाज, हे चक्र. गंमत बघा, तिथे आम्ही डॉक्टर स्वतःच थोडे दिवस स्टेरॉइड देतो. औषध वाईट नाही, ते कुठे, किती दिवस आणि कुणी सांगून, याला महत्त्व आहे.

नुसती आग होत असेल तर आठवा, तिथे काय काय लावलं होतं. अँटिसेप्टिक पाण्यात न मिसळता, लिंबू, लसूण ठेचून, नवा डिओ. लसणाने चक्क भाजतं. एका गृहस्थांना रात्रभर लसणाची चटणी बांधून सकाळी फोड आलेले मी पाहिलेत. टाकळ्याचा पाला गजकर्णावर आपल्याकडे पूर्वापार चोळतात, पण दहा महिन्यांच्या, कमरेपर्यंत पसरलेल्या चट्ट्याला तो पुरणार नाही, आणि पातळ झालेल्या त्वचेवर चोळणं तर नकोच.

आता तुमचा उपचार. औषधाचा डोस मी इथे लिहिणार नाही, कारण लिहिला की तो फोटो काढून फिरतो. पण काय अपेक्षा ठेवायची ते सांगते. पसरलेल्या गजकर्णाला पोटातून गोळ्या लागतात, सध्या बहुतेक वेळा इट्राकोनॅझोल. तिच्या कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायच्या असतात आणि अॅसिडिटीच्या गोळीबरोबर घेतल्या तर नीट शोषल्या जात नाहीत. आपल्याकडे सवयीने रोज सकाळी गॅसची गोळी खाणारे खूप, म्हणून मुद्दाम लिहिलं. हृदयाचा किंवा यकृताचा त्रास असेल, कोलेस्टेरॉलच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. पत्नीला दिवस गेले असण्याची थोडीही शक्यता असेल तर तेही पहिल्या वाक्यात सांगायचं, गोळ्या मग टाळतात.

सोबत स्टेरॉइड नसलेलं बुरशीचं मलम. ते नुसतं लाल दिसतं तिथे लावून भागत नाही, कडेच्या बाहेर दोन बोटं लावायचं, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. त्वचा स्वच्छ दिसायला लागल्यावरही निदान दोन आठवडे चालू ठेवायचं. सगळा कोर्स सहा-आठ आठवड्यांचा धरून चाला, तुमच्यासारख्या जुन्या दुखण्याला त्याहून जास्तही लागेल. तिसऱ्या आठवड्यात खाज पूर्ण थांबते आणि तिथेच निम्मे लोक औषध सोडतात.

पहिले आठ-दहा दिवस मात्र वाईट जातील. स्टेरॉइड सुटलं की राखणदार एकदम जागा होतो, लाली भडकते, खाज पूर्वीपेक्षा वाढते. याच दिवसांत माणूस जुन्या ट्यूबकडे परत जातो. तसं करू नका, डॉक्टरांना फोन करा. खाजेसाठी वेगळी गोळी देता येते. तिने झोप येत असेल तर मशिनवर काम करता हे सांगून ठेवा, झोप न आणणारीही असते. खाज फारच सुटली तर गार पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं पाच मिनिटं ठेवा आणि नंतर जागा कोरडी करा. कडक पाण्याचा तांब्या ओतला की स्वर्गसुख मिळतं, मला माहीत आहे, पण तासाभरात खाज दुपटीने येते.

मुलाला तुमची ट्यूब लावली असेल तर आजच बंद करा. लहान मुलांची त्वचा पातळ, त्यात लंगोट किंवा डायपरखाली कोंडलेली, स्टेरॉइड तिथून सरळ अंगात जातं. त्याला बहुतेक साध्या मलमानेच बरं वाटेल.

तुमच्या दिनक्रमाकडे येते, कारण औषध निम्मं आणि कपडे निम्मे. शिफ्ट संपली की घामाची अंडरवेअर बदलून मग बाइकवर बसा, पिशवीत एक जादा ठेवा. सुती, सैल, बॉक्सरसारखी. घट्ट जीन्स पावसाळ्यात नकोच, ती भिजली की दोन दिवस वाळत नाही आणि आपण ती दमटच घालतो. आंघोळीनंतर जांघ टिपून कोरडी करायची, घासायची नाही, आणि टॉवेल तिघांचे तीन. पावडर थापू नका, घामात तिचा लगदा होतो. तिथले केस वस्तऱ्याने काढू नका, कात्रीने बारीक करा. तुमचे कपडे वेगळे धुवा, जमेल तर गरम पाण्यात, उलटे करून उन्हात. आणि ऊन नसेल त्या दिवशी शिवणीवरून, इलॅस्टिकवरून गरम इस्त्री फिरवा. पावसाळ्यात घरातल्या दोरीवर तीन दिवस लटकलेली, आंबूस वासाची चड्डी 'वाळली' समजून घालणं, हे आपल्याकडचं गजकर्णाचं मोठं कोठार आहे.

आणि पाय बघा. सेफ्टी शूज घालणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत पांढरट, भिजल्यासारखी त्वचा असते, तिला आपण चिखल्या म्हणतो. तिथे हीच बुरशी असू शकते. चड्डी घालताना पाय तिच्यातून जातो आणि बुरशी वर पोचते. म्हणून आधी मोजे घालायचे, मग चड्डी. घरचे हसतील. हसू दे. चिखल्या असतील तर डॉक्टरांना पायही दाखवा, नाहीतर वरचं बरं होईल आणि खालून पुन्हा येईल.

पाय म्हणताच आठवलं, माझ्याकडे केसपेपरवर 'पायाला खाज' असं लिहून येणारे पुष्कळ असतात. पाय बघावे तर स्वच्छ. मग समोर बाई डॉक्टर आहे म्हणून खुर्चीतच चुळबुळ. मी आता सरळ विचारते, 'जांघेत आहे ना?' आणि माणसाचा जीव भांड्यात पडतो. तुम्ही संकोच करून मलमापुरतं दाखवाल आणि ढुंगणावरचं, कमरेवरचं झाकाल, तर औषध अपुरं पडेल. सगळं दाखवा.

ताप आला, जांघेत दुखरी गाठ आली, चट्ट्यातून पू येऊ लागला, पाण्याचे फोड किंवा जखम दिसली, लघवीच्या जागी स्राव दिसला किंवा कातडी मागे जाईनाशी झाली, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. तुमच्या पत्रात यातलं काही नाही.

आईंच्या पथ्याचं: वांगं, अंडी, सुकट यांचा या बुरशीशी काही संबंध नाही. ती बशीत जेवत नाही, ती तुमच्या कातडीवर जेवते. आज रात्री भरली वांगी करायला सांगा.

करदोडा मात्र काढावाच लागेल. तो घामाने सतत दमट राहतो, धुतला तरी अंगावरच वाळतो, आणि तुमचा कमरेचा चट्टा नेमका त्याच्याच रेषेत आहे. दहा महिन्यांची बुरशी त्या दोऱ्यात मुरलेली असणार. मुलाच्या कमरेलाही असेल तर तोही. आईंना सांगा, डॉक्टरबाईंनी मोडता घातलेला नाही, फक्त मुदत मागितली आहे. औषधं संपून महिनाभर त्वचा स्वच्छ राहिली की त्यांच्याच हातून कोरा करदोडा बांधून घ्या.